मावशीला कोणी बसवलंच नव्हतं

"संगीताचे आकडे बाजूला काढा आणि बाकी तिघांवर यादी लावा," निखिल सर पुण्याच्या मुख्य ऑफिसातून व्हिडिओ कॉलवर म्हणाले. "आणि इंगळे, तिची ट्रायल आपण इथेच थांबवू. पाच वाजता लिस्ट लाइव्ह जायला हवी."

सकाळचे अकरा वाजले होते. संगीता माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसली होती. माझ्या कानात हेडफोन होता म्हणून बरं.

आधी आमचं काम सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं आम्ही ऑफिसात बसून गेम खेळतो. खेळतोच, पण त्याचा रिपोर्ट द्यावा लागतो. बुलढाण्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची सहा जणांची शाखा आहे. मी पूर्वी गणिताचे क्लास घ्यायचो, आता मोबाइल गेममधल्या सपोर्ट कार्डांची रँकिंग करतो. वडील पाहुण्यांना 'कम्प्युटरात आहे' एवढंच सांगतात आणि विषय बदलतात.

गेम असा आहे. एक धावपटू मुलगी तुमच्या हाती दिली जाते. तिला तीन मोसम तयार करायचं आणि शर्यती जिंकवायच्या. सोबतीला सहा सपोर्ट कार्डं घेता येतात. प्रत्येक कार्ड म्हणजे एक माणूस: कोच, डॉक्टर, मैत्रीण. सोबत कोण आहे त्यावर मुलीचा वेग आणि दम वाढतो. मधूनमधून ही माणसं तिच्याशी बोलतात आणि आपण दोनपैकी एक उत्तर निवडायचं. याला इव्हेंट म्हणतात. चांगली कार्डं नशिबानं मिळतात, त्यामुळे कोणत्या कार्डामागे जायचं हे खेळणारे आमची यादी पाहून ठरवतात. एस म्हणजे सगळ्यात वर, मग ए, बी, सी.

त्या आठवड्यात नवीन कार्ड आलं होतं, हॉस्टेलच्या मेसवाली मावशी. चार टेस्टर, प्रत्येकी वीस राउंड; राउंड म्हणजे तीन मोसमांचा एक पूर्ण खेळ. तिघांनी मावशीला सी दिला. संगीतानं एस.

खरं सांगतो, मलाही वाटलं की पोरीनं आकडे फुगवले. बाकीच्यांचे वीस राउंड दीड दिवसात झाले, हिला चार दिवस लागले. शिवाय मीटिंगमध्ये ती 'मले' म्हणाली की निखिल सरांच्या ओठांवर बारीक हसू यायचं. मला ते टोचायचं, पण मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

संगीता धाड गावची. रोज जीपनं यायची. बीएस्सी झालेली, घरी मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट. तीन महिन्यांच्या ट्रायलनंतर कायम झाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा घरच्या शेडनेटमध्ये, असं घरात ठरलेलं होतं. दोन महिने झाले होते. निदान विचारून तरी काढावं, म्हणून मी तिला बोलावलं.

तिनं शंभरपानी वही पुढे ठेवली. वीस राउंड, प्रत्येकातला प्रत्येक इव्हेंट, कोणतं उत्तर दिलं, काय वाढलं, सगळं लिहिलेलं. काही ओळींसमोर लाल पेनाची बारीक रेघ होती.

"एवढं लिहायला वेळ कसा मिळाला? ऑटो लावल्यावर तर सगळं भराभर जातं," मी म्हणालो.

"मी ऑटो लावलंच नाही, सर. हातानं खेळून राह्यली होती."

ऑटो म्हणजे गेम स्वतःच खेळतो, आपण चहा प्यायचा. आमच्याकडे सगळे ऑटोच लावतात. ती पद्धत मीच घालून दिली होती. मी जरा चिडूनच विचारलं की सगळ्यांहून वेगळं का केलं.

"आमच्या प्लॉटवर एकेका फुलाले हातानं पराग लावा लागते, सर. लावला की धागा बांधायचा. फळ केवढंही भरलेलं असो, धागा नसला तर तोडून फेकतात. हात लागल्याची खूणच नाही, तर बी कोणत्या जातीचं म्हणून विकायचं?"

मग तिच्या वहीतल्या लाल रेघा मला कळल्या. जिथं तिनं दोन्ही उत्तरं स्वतः देऊन पाहिली होती, तिथं रेघ होती.

मी दार लावून घेतलं आणि स्वतः हातानं खेळायला बसलो. पहिल्याच मोसमात मावशी आली. "अजून एक पोळी वाढू?" उत्तरं दोन. पहिलं, "वाढा." दुसरं, "आज तुम्ही बसा, मी वाढते." 'वाढा' म्हटलं की थोडा दम वाढतो आणि मावशीची गोष्ट तिथंच संपते. 'तुम्ही बसा' म्हटलं की मावशी बसते. पुढच्या मोसमात ती स्वतः पूर्वी धावायची ते सांगते. शेवटच्या शर्यतीआधी ती जे शिकवते, तसं दुसऱ्या कुठल्याच कार्डात नाही.

आणि ऑटो नेहमी पहिलं उत्तर निवडतो.

म्हणजे तिघांच्या साठ राउंडमध्ये मावशी साठदा पोळी वाढून निघून गेली होती. कोणी तिला बस म्हटलंच नव्हतं.

साडेतीनला मी निखिल सरांना फोन लावला आणि संगीतालाही समोर बसवलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं,

"पण इंगळे, आपले निम्मे वाचकही ऑटोच लावतात. त्यांच्यासाठी ती सीच नाही का?"

संगीता पुढे सरकली.

"हाव सर, त्यांच्यासाठी सीच. मग दोन रकाने करा ना. ऑटोले सी, हातानं एस. ज्याले जसं खेळायचं, तो तसा पाहीन."

या वेळी सर हसले नाहीत. म्हणाले, "करा दोन रकाने. वही स्कॅन करून पाठवा. आणि ट्रायलचं मी बोललो ते विसरा."

"काऊन, काय बोलले होते सर?" कॉल संपल्यावर तिनं मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिनं वही मिटली, बॅगेत ठेवली आणि दोन रकान्यांची यादी टाइप करायला बसली. पाचला दहा मिनिटं असताना यादी लाइव्ह गेली. एवढी थंड डोक्याची माणसं मी आयुष्यात फार पाहिलेली नाहीत, आणि ती आपल्याच ऑफिसात निघाली याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पुढच्या महिन्यात ती कायम झाली. माझं दुखणं मात्र तिथून सुरू झालं. त्याआधीच्या दोन वर्षांची प्रत्येक यादी ऑटोवर बनलेली होती आणि प्रत्येकीवर तपासणारा म्हणून माझं नाव होतं. आता ती सगळी कार्डं आम्ही पुन्हा हातानं तपासतो आहोत. शीटवर संगीता लाल रंग भरते, हात लागला याची खूण.

परवा माझी पाच कार्डं तिच्याकडे गेली. चार लाल होऊन आली, एक पांढरंच परत आलं. मी म्हणालो, अगं, ते साधं कार्ड आहे, त्यात काय बघायचंय.

"याले हात लागला नाही, सर," ती म्हणाली. "उत्तरं सगळी पहिलीच आहेत."

ते मी ऑटोवर लावून चहाला गेलो होतो. मुकाट्यानं फोन उघडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.