चौथा बोल्ट

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हरिहर आठल्ये सासुरवाडीला आले की आधी दारं तपासायचे. चहा येईपर्यंत एखाद्या बिजागरीचा ढिला स्क्रू त्यांनी घट्ट केलेला असायचा. आई म्हणायची, "इतरांच्या घरी जावई आला की भातावर तूप वाढावं लागतं, आमच्याकडे बिजागऱ्यांना तेल मिळतं." ते नुसते हसायचे. जेवायला बसताना पाट मात्र एकदा हलवून बघायचे.

ते रेल्वेच्या भांडारात कारकून होते. दिवसभर खिळे, बोल्ट, वॉशर त्यांच्या हाताखालून जायचे. बोल्टावरून नख फिरवून तो कुठल्या जातीचा ते सांगायचे. डोंबिवलीत त्यांची खरी ओळख मात्र कर्णेवाले आठल्ये अशी होती. लग्नं, सभा, गणपती, जिथे लोक जमतील तिथे त्यांचा ॲम्प्लिफायर, मोटारची बॅटरी आणि एक कर्णा जायचा. त्यांचा कर्णा कधी खरखरला नाही. भाऊजींचा याबाबत एक नियम होता. आटे जुळत नसतील तर बोल्ट जोर लावून पिळायचा नाही, दुसरा शोधायचा. मग त्याला दोन दिवस लागोत.

त्रेपन्न सालच्या गणपतीत मंडळाने पहिल्यांदाच बायकांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. वेळ शनिवारी दुपारी चार ते साडेपाच, कारण त्यानंतर बायकांना घरी जाऊन चूल पेटवायची होती. त्यात माझी बहीण, सुमतीताई, दोन पदं म्हणणार होती.

आमचे वडील, अण्णा, तेव्हा वर्षभर अर्धांगवायूने अंथरुणावर होते. ताईला गाणं त्यांनीच शिकवलं होतं. रोज पहाटे पेटी काढून तिला बसवायचे. ती पंधरा वर्षांची असताना ठाण्याच्या एका ग्रंथालयाच्या समारंभात तिने गावं म्हणून दोन गृहस्थ घरी विचारायला आले, तेव्हा अण्णांनीच त्यांना परत पाठवलं होतं. "मुलगी चार लोकांत गायला बसली की लग्नाच्या वेळी लोक नाही नाही ते विचारतात," असं ते म्हणाले होते. ताई दाराआड उभी होती. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, ती गात राहिली ती स्वयंपाकघरात.

कार्यक्रमाचं कळल्यावर अण्णांनी भाऊजींना जवळ बोलावलं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, शब्द जड यायचे.

"मला ऐकायचंय."

"ताई इथे येऊन म्हणेल की, अण्णा," मी म्हटलं. "आजच म्हणेल."

"घरात ऐकलंय गं. लोकांत ऐकायचंय. मी गाऊ दिलं नाही ना."

आमचं घर मांडवापासून दोन शेतं मागे होतं. भाऊजींचा कर्णा मांडवात लोकांकडे तोंड करून असायचा, त्याचा आवाज आमच्याकडे नुसता गुणगुणल्यासारखा यायचा. भाऊजी अण्णांच्या खाटेपाशी उभे राहिले, खिडकीतून मांडवाच्या बांबूंकडे बघितलं आणि म्हणाले, "दुसरा कर्णा लावतो. या खिडकीच्या रोखाने. शब्द न् शब्द येईल."

दुसरा कर्णा त्यांच्याकडे होता. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान भंगारात निघालं, त्यातून त्यांनी तो आणून ठेवला होता. अमेरिकन बनावटीचा. कर्णा शाबूत, त्यामागे आवाज काढणारा जड डबा असतो तोही शाबूत, पण त्या दोघांना जोडणारे चार बोल्ट नव्हते. त्यांच्या हत्यारांच्या पेटीतला एकही बोल्ट त्यात बसेना. दोन आटे गोडीने जायचा आणि अडायचा.

"आपल्याकडे विलायती बोल्ट," त्यांनी मला समजावलं. "पाव इंची घेतला तर इंचात सव्वीस आटे. याच्यात अठ्ठावीस. डोळ्याला सारखाच दिसतो."

"मग पिळा ना थोडा."

"डब्यातले आटे मरतील. मग कुठलाच बसणार नाही."

शुक्रवारी त्यांनी कल्याणचा बाजार पालथा घातला. शनिवारी सकाळी रजा टाकून ठाण्याला गेले. निघताना मंडळाचे चिटणीस आनंदराव ओगले त्यांना अडवून म्हणाले, "अहो आठल्ये, तारेने आवळा आणि टांगा! कर्णा आहे तो, नवरदेव नव्हे, की मुंडावळ्या नीटच पाहिजेत."

"तारेने नाही," एवढंच म्हणून भाऊजी गेले.

ठाण्यात खोपटला महिपत नावाचा एक मेकॅनिक रस्त्याच्या कडेला जुनी अमेरिकन लॉरी खोलून बसला होता. हे आधी का सुचलं नाही म्हणून भाऊजी नंतर हळहळले. लष्कराच्या त्या लॉऱ्यांत तेच बोल्ट. महिपतने रॉकेलच्या डब्यात हात घालून चार काढून दिले. चारही जुळले, पण अर्धा इंच लांब होते. तसेच घातले तर आतल्या तारांच्या वेटोळ्यात घुसणार. म्हणजे प्रत्येक बोल्ट कापायचा, टोक कानशीने घासायचं, आटे साफ करायचे. तीन वाजता भाऊजी मांडवामागे बसून ते करू लागले.

मी साडेतीनला घरी आले. अण्णांची खाट खिडकीशी ओढली. शेजारच्या गोदाला जातं थांबवायला सांगितलं. ती म्हणाली, "माझं पीठ राहिलं तर भाकऱ्या तुझ्या बहिणीच्या गाण्याच्या करू का?" पण थांबली. अण्णांनी खुंटीकडे बोट केलं. मला कळेना काय हवंय. मग कळलं, टोपी. मैफलीला बोडक्या डोक्याने कसं बसायचं? मी टोपी घातली, ती एका बाजूला कलली, ती नीट केली.

चार वाजले. सव्वाचार झाले. मांडवात कोणीतरी बोलत असल्याची गुणगुण येत होती.

"सुरू झालं?"

"नाही अजून, अण्णा."

मग गुणगुणीला सूर आला. ताई होती. शब्द कळत नव्हते, वाराही उलटा होता. मी अण्णांकडे बघितलं. ते खिडकीकडे कान करून वाट बघत होते. त्यांना तेवढंही ऐकू येत नव्हतं.

"सुरू झालं?"

मी काय सांगायला हवं होतं? म्हटलं, "होईल इतक्यात."

मांडवामागे काय चाललं होतं ते ओगल्यांनी मला संध्याकाळी सांगितलं. ताई गायला बसली तेव्हा तीन बोल्ट लागले होते. ओगले म्हणाले, "तीन बसलेत ना? मग चढवा वर. चौथा उद्या लावा." भाऊजी म्हणाले, "झालाच." चौथ्याच्या टोकाला कापताना कंगोरा राहिला होता, तो आट्यात धरत नव्हता. भाऊजी खाली मान घालून घासत राहिले. ताईला माहीत होतं अण्णांसाठी दुसरा कर्णा लागणार आहे. पहिलं पद झाल्यावर ती मिनिटभर पेटीवर नुसती बोटं फिरवत राहिली, मागे बघत. पण रांगेत अजून सहा बायका होत्या, त्यांचीही घरी चूल होती. तिने दुसरं पद घेतलं आणि संपवलं.

बाकीच्या बायकांचीही गाणी आटोपली तेव्हा कुठे बांबूवर दुसरा कर्णा चढला, आणि आमच्या खोलीत ओगल्यांचा आवाज असा आला की जणू ते खाटेच्या पायथ्याशीच उभे होते: "ज्या भगिनींनी प्रसादासाठी पातेली दिली आहेत, त्यांनी ती ओळखून घेऊन जावीत. पितळेची एक किटली बेवारस आहे."

अण्णा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"आवाज स्वच्छ आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "टोपी काढ आता."

मी टोपी खुंटीला लावली आणि तशीच मांडवात गेले. भाऊजी पाने पुसून पेटीत ठेवत होते. ताई बाजूला उभी होती, ओगले होते, बायका पातेली शोधत होत्या. त्या सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "तारेने बांधलं असतंत तर काय बिघडलं असतं? तुम्हाला अण्णांपेक्षा तुमचा बोल्ट मोठा."

ताई म्हणाली, "नीला, पुरे."

भाऊजींनी पेटीचं झाकण लावलं आणि खटका बसला की नाही ते पाहिलं.

अण्णा मार्गशीर्षात गेले. ताईला पुढच्या वर्षी मंडळाने पुन्हा विचारलं, ती नाही म्हणाली. भाऊजींनी दोन्ही कर्णे आणि ॲम्प्लिफायर भिवंडीच्या कोणाला देऊन टाकले. आमच्याकडे येत राहिले, पण बिजागऱ्यांना हात लावेनासे झाले. आई गमतीने म्हणाली, "जावईबापू, दार कुरकुरतंय हो." ते "हो, कुरकुरतंय," म्हणून बसून राहिले.

पंचावन्न साली लग्न होऊन मी ठाण्याला आले. आमच्या दारावर जवळच्या बाळकुम गावची रंगूबाई भाजी घेऊन यायची. पाटी डोक्यावर चढवायला तिला नेहमी कोणाचा तरी हात लागे, कारण उजवा खांदा वर जात नव्हता. एकदा मी सहज विचारलं.

"लग्नात कर्णा परला माझ्यावर," ती म्हणाली. "मुहूर्त टलत होता, घरच्यांनी घाई केली, कर्णेवाल्याने तारेने बांधला. तार तुटली."

"कुठला कर्णेवाला?"

"डोंबिवलीचा बामन. बिचारा लय घाबरला होता. आठ दिवस रोज यायचा, तेल घेऊन. बोलायचा नाय, निसता बसायचा." ती हसली. "माझा नवरा बोलायचा, तुला नवीन सासरा भेटला."

"केव्हाची गोष्ट?"

"त्रेपनचा वैशाख."

म्हणजे गणपतीच्या चारच महिने आधी. ताईलाही यातलं काही माहीत नव्हतं. बाळकुमला कर्ण्याचं काम आहे एवढंच भाऊजींनी तिला सांगितलं होतं.

लगेच डोंबिवलीला जायला हवं होतं. घरचं एकेक निघत गेलं आणि मी गेले ती दोन महिन्यांनी. भाऊजी ओटीवर बसून मुलाच्या पाटीची चौकट बघत होते. ताई आत होती.

"भाऊजी, बाळकुमची रंगूबाई आमच्याकडे भाजी घालते."

त्यांनी मान वर केली. "खांदा कसा आहे तिचा?"

"तसाच." मी घाईघाईने बोलून टाकलं, "त्या दिवशी तारेचं बोलले ते चुकलं माझं. मला माहीत नव्हतं. खाली बायका बसल्या होत्या, तुम्ही केलंत ते बरोबर होतं."

"तारेने मी बांधलंच नसतं," ते म्हणाले. "ते तू बोललीस ते मी कधी मनात धरलं नाही."

मला हायसं वाटलं. ते क्षणभरच.

"पण तीन बोल्टांवर तो कर्णा दहा वर्षं राहिला असता, नीला. ओगले खरं तेच सांगत होते."

"मग?"

"मला ते कळत होतं. हाताला पटत नव्हतं. बाळकुमनंतर काहीच पुरेसं घट्ट वाटायचं नाही." ते चौकटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होते. "ती गात होती ते मला ऐकू येत होतं. दुसरं पद सुरू झालं तेव्हाही वेळ होता. मी घासत बसलो."

आतून ताईने विचारलं, "चहात आलं टाकू का गं?"

"टाक," मी म्हटलं.

ते वाट बघत होते, असं मला वाटलं. अण्णांना तसंही फारसं ऐकू आलं नसतं, असं काहीतरी मी म्हणावं म्हणून. तेवढं म्हणायला मला काय लागत होतं? पण खाट खिडकीशी मीच ओढली होती, आणि कर्णा लागल्यावर अण्णांना पितळेच्या किटलीसकट सगळं ऐकू आलं होतं. मी ताईच्या हातून कपबशा घ्यायला आत गेले.