नखावरचा थेंब

१९९४च्या उन्हाळ्यात एका सकाळी आईने आमच्या गवळ्याचा रतीब बंद केला. कारण दुधात पाणी.

परीक्षा नेहमीचीच होती. अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब टाकायचा, अंगठा तिरपा धरायचा. थेंब थांबला, किंवा मागे पांढरी रेघ ठेवत सावकाश सरकला, तर दूध चांगलं. त्या दिवशी थेंब पसरला आणि बोटावरून खाली आला.

"मामा, हे काय? थेंब पळतोय की!"

"पळतोय तर धरा की, वैनी. पाणी न्हाय घातलं. जोतिबाची आण."

"आण खाऊन दूध घट्ट हुतंय व्हय?"

हे बोलणं शेजारच्या काकूंनी गॅलरीतून ऐकलं. त्यांनीही आपलं पातेलं आत नेलं. गल्लीतली बहुतेक घरं याच गवळ्याकडे होती आणि दुधाच्या बाबतीत आईचा शब्द चालायचा. गवळी सायकलला टेकून उभा राहिला. पुढच्या दारी गेला नाही.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो. त्याच दुधाचा थेंब माझ्या नखावर टाकला. तो थांबला.

"तुझं नख सपाट हाय," आई म्हणाली. "कॉलेजात जाऊन गवळ्याची वकिली शिकलास?"

आई मोरीतून उठून आली होती. कपडे भिजत होते; हाताला धुण्याच्या पावडरीचा फेस होता. द्रवाचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून ओढणारं कुणी नसतं, म्हणून ते आत खेचले जातात आणि थेंब गोळा होऊन राहतो. साबण पृष्ठभागावर शिरला की ही ओढ ढिली पडते आणि थेंब पसरतो. मी एवढं सांगितलं. आईने गवळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दोघांनी मिळून ठरवलंय काय?"

तरीही तिने हात साध्या पाण्याने दोनदा धुतले, पदराला पुसले. कॅनमधलं दूध स्वतः ढवळलं, वरचं नको म्हणून तळातून घेतलं. थेंब नखावर थांबला. तिने अंगठा आणखी तिरपा केला. थेंब हळूहळू सरकला, मागे पांढरी रेघ ठेवून.

"आज तरी बरं दिसतंय," आई म्हणाली आणि पातेलं पुढे केलं. गवळ्याने माप भरलं.

आईने काकूंना हाक मारून थेंब थांबल्याचं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे दुसरा गवळी येऊ लागला.