घटस्फोटासाठी मंगळसूत्र

नवऱ्यापासून घटस्फोट हवा आणि मुलगी माझ्याकडे राहावी, एवढं सांगायला मी थोरल्या भावाबरोबर नागपुरातल्या एका नावाजलेल्या वकिलाकडे गेले. संसार मी केला होता, मार मी खाल्ला होता; वकीलसाहेबांनी मात्र सगळं दादाला विचारलं. शेवटी माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघून ते दादालाच म्हणाले, "हिनं मंगळसूत्र काहून काढलं? कोर्टात घालून याले सांगा हिले. ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. बाई संसारी दिसली, तरच पोरगी तिच्याकडे राहील."

नवऱ्यापासून सुटायचं तर आधी त्याची बायको दिसायचं, हा कायदा मला नवीन होता. सासरी कधी नटले नाही तेवढी तारखेला नटले. नवराही कपाळभर गंध लावून आला होता. त्याचा वकीलही तेवढाच हुशार असणार. न्यायाधीशांनी मान वर न करता पुढची तारीख दिली.

माझं सोंग खरं वाटलं ते एकट्या लेकीला. घरी पोचले, तर दारातच माझा गळा बघून ती रडायला लागली, "आई, आता परत त्या घरी जायचं का वं?"