वाकड्या पाठीचे रोहू

एकाहत्तर साली केडगावजवळच्या सरकारी तळ्यावर एक म्हातारबाबा रोज पाण्यावर थाप मारून माशांना पेंड टाकत. नुसत्या पेंडीवर ‘क’ जीवनसत्त्व कमी पडून काही रोहूंच्या पाठी वाकल्या होत्या. मंत्र्यांच्या भेटीआधी ते मासे फेकून द्यायचा हुकूम तळ्यावरच्या साहेबांनी काढला. बाबांनी ते गुपचूप हौदात हलवले आणि स्वतःच्या हिरड्यांसाठी मिळालेल्या ‘क’ जीवनसत्त्वाच्याच गोळ्या कुटून त्यांना चारू लागले.

“बाबा, पाठ आता सरळ व्हायची नाही,” तळ्यावर नवाच नोकरीला लागलेला मी म्हणालो.

“ठाव हाय. आनखी वाकू नये, येवढंच.”

भेटीच्या दिवशी मंत्री नेमके हौदापाशी थांबले. साहेबांचा चेहरा उतरला.

“आजारी हाईत, सायेब. दवा चालू हाय,” बाबा म्हणाले.

“काळजी घ्या,” मंत्री इस्पितळात बोलतात तसे बोलले आणि पुढे गेले.

मंत्र्यांनी विचारपूस केलेले मासे फेकायची हिंमत पुढे कोणत्याच साहेबाला झाली नाही.