बाबांचा आवाज आणि पोरीचे कान

आमचे बाबा, म्हणजे भातकुलीचे खुशालराव, फोनवर बोलायला लागले की समोरच्याला फोनची गरजच उरत नाही, असं लोक म्हणतात. जन्मभर ते सगळ्यांना ऐकवत आले. ऐकून घेणं हा त्यांचा प्रांत नाही.

त्यांची नात रेवा, माझ्या भावाची मुलगी, जन्मली तेव्हा रडलीच नाही. नाळ गळ्याभोवती आवळलेली, बाळ निळं पडलेलं. अमरावतीच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत राहिली. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "कानांची तपासणी करून घ्या. प्राणवायू कमी पडला की आतल्या कानाला इजा होऊ शकते. उशीर केलात तर बोलणंही मागे पडेल."

बाबांनी मान डोलावली. मग बारसं आलं. मी आत्या. पाळण्यात वाकून मी तिच्या कानात नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. पाळणा हादरला, रेवा दचकली. झालं! बाबा गरजले, "पाहा, आयकलं नं पोरीनं! आता कायची तपासनी?"

कानाचे डॉक्टर अकोल्यात माझ्या घराजवळच. मी फोन करकरून थकले. तिकडून उत्तर ठरलेलं, "आत्ताच थाळी वाजवली. टुकूटुकू पाह्यलं तिनं." वाजवायची कुठे बसून, तर बाळाच्याच बाजेवर! बाज हादरली की बहिरं बाळही बघणारच. भाऊ अमोल बाबांपुढे मुका. दिवस चालले होते आणि पोरीचं नुकसान होत होतं. या माणसापुढे डोकं आपटलं तर आपलंच फुटायचं.

शेवटी मी गेले. बाजेपासून लांब, पाठीमागे उभी राहून थाळी बडवली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. रेवा निवांत अंगठा चोखत होती.

"आता काय म्हणता, बाबा?"

"तिचं मन नसन आता."

थाळी त्यांच्याच डोक्यात घालावी असं वाटलं. तेवढ्यात वहिनी, प्रणाली, बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आली. सासऱ्यापुढे कधी ब्र न काढलेली.

"मामाजी, मी अकोल्याले जातो. गाडी काढता, का येष्टीनं जाऊ?"

बाबांनी गाडी काढली. वाटभर कुरकुरत होते.

रेवाला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासणी झाली. दोन्हीकडचे आतले कान अधू निघाले. यंत्रं लावायची ठरली. बाबांनी रेवाच्या कानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आकांक्षे, बारशाले तू सांगितलेलं नाव पोचलंच नाही का वं तिले?"

"नाही, बाबा."

"मंग पोरगी अजून बिननावाचीच हाये."

यंत्रं बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी शिकवलं, हळू बोला. बाबांना हळू म्हणजे काय, हे कुठं ठाऊक! यंत्रं बसतात न बसतात तोच ते वाकून ओरडले, "रेवा!"

पोरीनं भोकाड पसरलं. मी संतापले, "बाबा, हळू सांगितलं होतं नं!"

ऐकतील तर शपथ. त्यांचे स्वतःचेच डोळे वाहत होते.

"रडली वं," ते म्हणाले, इतकं हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही.