प्लासिडचे रिकामे हात

नंदाखालमध्ये कुणाचे हात रिकामे दिसले की गावाला चैन पडत नाही. त्या हातांत काहीतरी ठेवल्याशिवाय लोकांना घास उतरत नाही. कुणी केळ्यांची फणी ठेवतं, तर कुणी पुतणीच्या लग्नाची उरलेली निमंत्रणं, ‘तुझ्याच रस्त्यात आहेत सगळी घरं’ म्हणून. प्लासिड लोपीसच्या हातांत मात्र सगळे एकच वस्तू ठेवतात, ती म्हणजे पाना. प्लासिड पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. गावात वाडी तिथे विहीर, विहीर तिथे मोटर, आणि प्लासिड समोरून जाताना दिसला की आजारी पडायची त्या मोटरीला सवय.

पंचेचाळिशीत त्याची साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी तासभर पळा. हे ऐकून एखादा माणूस खट्टू झाला असता. प्लासिडला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. तासभर! घरात आई, दोन मुली, बायको सुझान, तेरा कोंबड्या आणि लोकांच्या उघड्या पडलेल्या मोटरी. त्या सगळ्यांतून उठून, डॉक्टरांच्या परवानगीने, एकट्याने, कुणाशी एक शब्दही न बोलता तासभर!

पहिल्या दिवशी तो नाक्यावरच्या क्रुसापर्यंत पोचला.

“प्लासिड, थांब रे जरा. आमची मोटर हवा घेते.”

दुसऱ्या दिवशी त्याने उलटा रस्ता धरला. तिकडे एका मोटरीचं बेअरिंग ओरडत होतं. तिसऱ्या दिवशी तो बांधावरून पळाला, तर बांधावरच एक विहीर निघाली आणि विहिरीत मालक.

“लोकांचे नवरे पळून आले की घाम पुसतात,” सुझान म्हणाली. “माझा ग्रीस पुसतो.”

“अगं, समोर माणूस उभा राहिला तर नाही कसं म्हणायचं?”

“तोंडाने म्हणायचं. पण तुझ्या घशातला फूटव्हॉल्व्हच गेलाय. आत ‘नाही’ भरपूर आहे, वर चढतच नाही.”

फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या तळाशी बसणारी झडप. ती गेली की मोटर नुसती घरघरते, नळाला थेंब येत नाही. लोपीसांच्या घरात बायबलखालोखाल मोटरीचेच दृष्टान्त चालतात, आणि प्लासिडला हा तर मर्मी लागला.

त्याने विचार केला. लोक आपल्याला थांबवतात, कारण आपले हात रिकामे दिसतात. मग हात भरलेच तर? लहानपणी वाडीत चिकू राखताना तीन कच्चे चिकू एका वेळी हवेत खेळवायला तो शिकला होता. हाताला ते अजून आठवत होतं. दुसऱ्या दिवशी तो तीन जुने टेनिसचे चेंडू घेऊन निघाला. एक हवेत, एक हातात, एक वाटेत, असा पळाला.

आणि चमत्कार झाला. क्रुसापाशी हवा घेणाऱ्या मोटरीचा मालक उभा होता. त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. चारी दिशांना लोक तोंड उघडं ठेवून उभे, आणि त्या सगळ्या उघड्या तोंडांतून एकही मोटर बाहेर पडेना! प्लासिड थेट समुद्रापर्यंत जाऊन आला. घरी येऊन हसत हसत त्याने तीन घावन जास्त खाल्ले.

हे सुख जेमतेम आठवडाभर टिकलं. नंदाखालची तोंडं उघडी राहिली तरी किती दिवस राहणार?

पहिलं तोंड मिटलं ते बर्नार्ड मास्तरांचं. मास्तर निवृत्त पी.टी. शिक्षक. शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. घटस्फोट न मिळालेल्या बायकोसारखी ती त्यांच्याबरोबर चर्चमध्ये मिस्सालाही येते. त्यांनी प्लासिडला पाहिलं आणि स्कूटर त्याच्या बरोबरीने चालवायला सुरुवात केली.

“लोपीस! कोपर आत! शाळेतही तुझं कोपर बाहेरच असायचं!”

मास्तरांनी मोबाइलवर शोधून काढलं की हा जगात रीतसर खेळ आहे. साहेब लोक चेंडू खेळवत मॅरेथॉन पळतात. त्याला नियमही आहे. चेंडू पडला तर जिथे पडला तिथे परत जायचं, तोच उचलायचा आणि तिथूनच पुढे पळायचं. हा नियम सांगताना मास्तरांचा आवाज फादरांच्या आवाजासारखा झाला. मग तालीम सुरू झाली. टेनिसचे चेंडू उसळून गटारात जातात, म्हणून सुझानने जुन्या जीन्सचे तुकडे शिवून त्यांत तांदूळ भरून दिले. एकदा पावसात ते भिजले. दोन दिवस प्लासिड पळाला की मागे इडलीच्या पिठाचा वास रेंगाळायचा. पाऊल आणि झेल यांचा ताल बसवायचा, नजर वर ठेवायची आणि रस्त्यातले खड्डे पाठ करायचे. समुद्रावरून वारा आला की चेंडू पापडी गावाकडे निघतात, त्यांना वळवून आणायचे. हे सगळं प्लासिड शिकला. चांगलंच शिकला, हीच पंचाईत झाली.

कारण मग सॅन्टन आला. सॅन्टन गावच्या क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी. त्याला बॅनर छापायला निमित्त लागतं, आणि निमित्त नसेल तर तो बॅनर छापून मग निमित्त शोधतो. चर्चच्या वळणावर प्लासिडचा लग्नातला सूट घातलेला फोटो झळकला. खाली लिहिलं होतं, ‘नंदाखालचा चेंडूवीर’. बोळिंजच्या टॉवरमधले लोक रविवारी रंगीत बूट घालून त्याच्यासोबत सेल्फी काढायला येऊ लागले. सेल्फी काढून झाल्यावर एकाने हळूच विचारलं, “तुम्ही मोटरचंही बघता ना? आमच्या सोसायटीची जरा...”

तासाचं असं झालं. आता पुढे स्कूटर, मागे सॅन्टन, आजूबाजूला बूट, आणि मध्ये प्लासिड, लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखा. घोड्याला निदान झापडं असतात.

डिसेंबरात वसईला अर्धमॅरेथॉन होती. त्याच्या आधी सॅन्टनने आपला बेत जाहीर केला.

“प्लासिड, तू चेंडू खेळवत शेवटपर्यंत पोचलास की मंडळाचं रोजचं शिबिर सुरू. पहाटे तुझ्यामागे पन्नास पोरं. सणाच्या मिरवणुकीत तू पुढे. उद्घाटनाला तू. कायमचं!”

“कायमचं?” प्लासिडचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला.

“मरेपर्यंत!” सॅन्टनने त्याची पाठ थोपटली. प्लासिड काय म्हणाला? “बरं,” म्हणाला.

घरी येऊन तो पायरीवर बसला. सुझान केळफूल सोलत होती.

“मला फक्त एक तास हवा होता गं,” तो म्हणाला. “आता ते तोही कायमचा घेऊन चाललेत.”

सुझानने केळफुलावरून नजर काढली नाही. “मग पाड चेंडू. पाड आणि सांग, गुडघा गेला.”

बेत तर सोपा होता. शर्यतीच्या सकाळी पापडीला बँड वाजत होता, दुतर्फा बायका सरबताचे पेले घेऊन उभ्या होत्या. प्लासिडने एक चेंडू मुद्दाम लांब जाऊ दिला. पण पापडीची माणसं म्हणजे पाहुण्याची चप्पलही उलटी पडू न देणारी. एका म्हाताऱ्या बाईने उजव्या हातातला पेला न सांडता डाव्या हाताने चेंडू अलगद झेलला.

“घे रे बाबा, घाबरू नको,” म्हणत तिने तो असा परत टाकला की तो थेट प्लासिडच्या तालात येऊन बसला. पडलाच नाही, तर परत जायचा प्रश्नच मिटला! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे त्याने एक चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. धोतर सावरत एक गृहस्थ कुंपण ओलांडून गेले, चेंडू घेऊन आले, तो जिथे पडला ती जागा बोटाने दाखवली आणि वर एक केळंही दिलं. आणखी पुढे तर हातांनीच दगा दिला. प्लासिड म्हणत होता सोडा, आणि हात आपले झेलतायत. इतके महिने शिकवलेले हात, ते मालकाचं ऐकेनात. डोळ्यांत घाम गेला, की आणखी काही गेलं, ते त्याचं त्यालाच कळेना. या प्रेमातून सुटायला दार कुठे असतं?

शेवटच्या टप्प्यात नंदाखालचा सगळा गाव जमला होता. बर्नार्ड मास्तर शिट्टी फुंकत होते, सॅन्टन हार घेऊन उभा होता. त्यांच्या शेजारी चर्चला न्यायची काळी पर्स घेऊन सुझान. प्लासिडने तिच्याकडे पाहिलं. विहिरीत अडकलेला माणूस वरच्या टॉर्चकडे पाहतो तसं पाहिलं. आणि त्याच क्षणी हातांनाही दया आली असावी. एक चेंडू सुटला, तो सुझानच्या पायाशी जाऊन बसला.

“दे, दे! लवकर दे!” गाव ओरडला.

सुझानने चेंडू उचलला. त्याच्यावरची धूळ झटकली. मग पर्स उघडली, चेंडू आत टाकला आणि चेन ओढली.



“सुझान, चेंडू!” मास्तर किंचाळले.

“कुठला?”

“आत्ता उचललास तो! तोच लागतो! तोच उचलून पुढे जायचं असतं!”

“मास्तर, माझ्या पर्समध्ये माझे तांदूळ आहेत,” सुझान म्हणाली. “मीच भरलेत.”

प्लासिडने उरलेले दोन चेंडू मास्तरांच्या हातांत ठेवले आणि धूम ठोकली. मागे गाव सुझानभोवती तुटून पडला होता, त्यामुळे त्याला अडवायला कुणी मोकळं नव्हतं. तो शेवटपर्यंत पोचला, रिकाम्या हातांनी. सॅन्टनने हार परत पिशवीत घातला.

आता सुटला म्हणाल, तर तसं नाही. आठवडाभर क्रुसापासून समुद्रापर्यंत लोक त्याचं सांत्वन करायला उभे.

“बायकोनेच घात केला रे तुझा.”

“सहन करतोस, मोठं मन तुझं.”

“बरं, थांबलाच आहेस तर मोटर बघ ना जरा.”

सुझानशी मात्र गावाने बोलणं टाकलं होतं. मिस्सानंतर बायका तिच्याकडे पाठ करून उभ्या राहत. मासेवालीही तिला भाव बोटांनी सांगे. शेवटी एका सकाळी सुझान मुलीचे कॅनव्हासचे बूट घालून फाटकात आली.

“मी येते.”

“तू? पळायला?”

“घरात बसून काय करू? माझ्याशी बोलतंय कोण?”

दोघं निघाली. क्रुसापाशी मोटरीचा मालक तयारच होता. “प्लासिड, अरे...” एवढ्यात त्याला सुझान दिसली. तो एकदम वळून स्वतःच्याच फाटकाची कडी तपासू लागला. पुढच्या घराची खिडकी दाणकन बंद झाली. मास्तरांच्या स्कूटरने समोरून येताना मध्येच दुसरी गल्ली पकडली. सुझान पुढे पुढे पळत राहिली आणि तिच्या पाठोपाठ सगळा रस्ता रिकामा होत गेला.

समुद्रापर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. माडांच्या झावळ्या तेवढ्या सळसळत होत्या. प्लासिडला आपल्या बुटांचा आवाज ऐकू आला. असा आवाज असतो हे त्याला माहीतच नव्हतं. त्याचे हात आपोआप वरखाली होत होते, नसलेले चेंडू झेलत होते. सुझानने खिशातून तांदळाचा चेंडू काढून पुढे केला.

“हवा?”

“नाही,” प्लासिड म्हणाला.

सुझान थबकली. “चढलं की वर!”

परतताना वळणावर मास्तरांची बायको उभी होती. ती सुझानकडे बघून किंचित, अगदी नकळत, हसली. सुझानही हसायला लागली, तोच प्लासिडने तिचा दंड धरला.

“हसू नकोस! रुसवा सुटेल.”

“तो कधीतरी सुटणारच. नाताळ आला. नाताळात सगळे सगळ्यांकडे जातात, माझा केक खाऊन सगळे गोड होतात.”

प्लासिड मटकन रस्त्याच्या कडेला बसला. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. नाताळानंतर पुन्हा तो क्रूस, पुन्हा ती मोटर, पुन्हा ते कायमचं.

सुझानने त्याचा चेहरा पाहिला. चेंडू हवेत उडवला, झेलला आणि खिशात घातला.

“ऊठ,” ती म्हणाली. “यंदा केक जरा कच्चाच ठेवते.”