हेमांगीचा ब्रेक

कामणच्या हेमांगीच्या घरात ‘ब्रेक’ हा शब्द फार लाडाचा होता. सातिवलीला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात ती ठेक्यावर कामाला. ठेक्यावरच्या बायका परमनंट होऊ नयेत म्हणून ठेकेदार त्यांना मधूनमधून घरी बसवी आणि पुन्हा नव्याने भरती करी. याला म्हणायचं ब्रेक. सासूबाईंना मात्र ती हक्काची सुट्टी वाटे. भाताची आवणी म्हणजे लावणी, पापड, नणंदेचं बाळंतपण, सगळं सुनेच्या ब्रेकवर ठरायचं. दर वेळी सुनेची नोकरीच जाते, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

यंदा गावातलाच ठेकेदार बळीराम म्हणाला, “हेमांगी, उद्यापासून ब्रेक.”

“मी नाय घेनार, बळीरामदादा. परमनंट करा, नायतर काढलं म्हनून तोंडावर सांगा.”

बळीरामने ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी बाई डबा घेऊन हजर! वॉचमन आत सोडेना, तर गेटबाहेर बदामाच्या सावलीत ठाण मांडून बसली.

तिच्या लाइनच्या बायका रोज गोल करून जेवायच्या आणि शेवटच्या बाईचा डबा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा त्यांचा रिवाज. त्या दिवशी दुपारी डबे घेऊन सगळ्या गेटबाहेर आल्या आणि हेमांगीभोवती बसल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली. एकही हलेना.

“हेमांगीचं जेवण व्हायचंय,” त्यांच्यातली हेलन वॉचमनला म्हणाली. “एकीला जेवत सोडून आम्ही उठत नाय.”

मग हेमांगीने भाकरी अशी काही सावकाश चघळली, की आत झाकणांचे ढीग साचले आणि शेवटी कारखान्याचे शेठ स्वतः बाहेर आले. संध्याकाळी ती परमनंट होऊनच घरी गेली.

आवणी आली तशी सासू कुरकुरली, “आता तुला ब्रेक नाय. आवनी कोन करल?” हेमांगीने जन्मात पहिल्यांदा रजा मागितली, आणि ती भरपगारी मिळाली.

शेतात दोघी वाकल्या असताना बांधावरून बळीराम चालला होता. सवयीने ओरडला, “काय गं, ब्रेकवर का?”

सासूबाईंनी कंबर सरळ केली. “ब्रेकवर नाय, रजेवर हाय! सोमवारी जानार. तिची जागा हाय तिथं.”

हेमांगी वाकूनच रोपं लावत राहिली. डोळे भरून आले होते, आणि सासूला ते एवढ्यात दाखवायचे नव्हते.